कशापैकी किती?

बारावीचे पेपर संपले की कोल्हापुरातल्या अभ्यासिका रिकाम्या होत नाहीत. टेबलावरची पुस्तके तेवढी बदलतात. पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी अशा प्रवेशपरीक्षांची तयारी सुरू होते. फिजिक्सच्या जागी सामान्य ज्ञानाचे जाडजूड गाईड येते आणि त्यात देशाची आकडेवारी एका दमात दिलेली असते. क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १२१ कोटी, घनता ३८२, साक्षरता ७४.०४ टक्के. मुले हे आकडे पाढ्यांसारखे म्हणत बसतात.

या पाठांतराला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. काही आकडे प्रत्येकाला तोंडपाठ असायलाच हवेत, असे माझे मत आहे. तक्रार आहे ती आपण ते कसे देतो याबद्दल. मुलांच्या हाती आपण नुसता आकडा ठेवतो. तो कशापैकी, केव्हाचा आणि कोणी मोजलेला, हे सांगतच नाही. मग आकडा पाठ असणे आणि नसणे यात एका गुणापुरताच फरक उरतो.

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत सीईटीची तयारी करणाऱ्या मुलीची वही पाहायला मिळाली. पानावर दोन रकाने आखलेले, डावीकडे ‘बाब’, उजवीकडे ‘आकडा’. ‘लिंग गुणोत्तर’ या बाबीसमोर आधी ९४० लिहिलेले, मग ते खोडून ९४३ केलेले आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. म्हणाली, “एका गाईडात हे आहे, दुसऱ्यात ते. दोन्ही पर्याय आले तर मी गेलो की काका!”

तिच्या प्रश्नाचे उत्तर गाईडात नव्हते, पण अवघडही नव्हते. जनगणनेचे तात्पुरते आकडे ३१ मार्च २०११ रोजी जाहीर झाले. प्रगणकांच्या गोषवाऱ्यांवरून केलेली ती पहिली बेरीज होती. तिच्यात हजार पुरुषांमागे ९४० स्त्रिया होत्या, साक्षरता ७४.०४ टक्के होती आणि शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९१४ मुली होत्या. घरोघरच्या पूर्ण तक्त्यांवर प्रक्रिया होऊन अंतिम आकडे ३० एप्रिल २०१३ रोजी आले, तेव्हा ९४० चे ९४३ झाले, ९१४ चे ९१९ झाले आणि साक्षरता ७३ टक्क्यांवर आली. दोन वर्षांत देश थोडा अडाणी झाला असे काही घडले नव्हते. मोजणी पक्की झाली होती. काही गाईडे जुने आकडे छापतात, काही नवे, आणि काहींच्या एकाच पानावर दोन्ही सुखाने नांदतात.

त्या ७३ टक्क्यांतही एक अट दडलेली आहे. सात वर्षांखालची मुले या हिशेबात धरतच नाहीत. १९५१ ची म्हणून जी १८.३३ टक्के साक्षरता आपण पाठ करतो, ती मात्र पाच वर्षांवरच्या लोकसंख्येची आहे. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात एकाखाली एक छापलेले असतात आणि मुले त्यांची वजाबाकी करून प्रगती मोजतात. प्रगती झाली यात शंका नाही, पण ती मोजताना पायाच बदलला आहे, हे त्या तक्त्याच्या तळटीपेत असते आणि तळटीप कोणी पाठ करत नाही.

याहून मोठा घोळ २०२१ च्या नोव्हेंबरात झाला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे निष्कर्ष आले आणि भारतात आता हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आहेत, अशा बातम्या झळकल्या. चालू घडामोडींच्या पुस्तिकांनी तो आकडा लगेच उचलला. पण ही पाहणी सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची होती आणि आदल्या रात्री त्या घरांत मुक्कामाला असलेली माणसे तिने मोजली. जो नवरा पुण्याला कंपनीत आहे, जो मुलगा वसतिगृहात आहे, जो भाऊ सीमेवर बराकीत आहे, तो घरातल्या मोजणीत आलाच नाही. त्याच पाहणीत आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे गुणोत्तर हजार मुलग्यांमागे ९२९ मुली असे होते. १०२० हा आकडा खोटा नव्हता. त्याच्यावर जो अर्थ लादला गेला तो खोटा होता.

‘केव्हाचा’ हा प्रश्नही असाच टाळला जातो. आज परीक्षेला बसणारी मुले २०११ साली बालवाडीतही गेली नव्हती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली जनगणना २०२१ साली झाली नाही. आता पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. दरम्यान २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भारताची लोकसंख्या १४२ कोटी ८६ लाख धरून आपण चीनला मागे टाकल्याचे सांगितले. १२१ कोटी ही मोजलेली माणसे आहेत, १४२ कोटी हा अंदाज आहे. हा फरक नुसता कागदोपत्री राहत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती जणांना धान्य मिळावे, याची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरलेली आहे. तो आकडा ८१ कोटींच्या आसपास अडकून आहे. रेशनकार्डावर नाव चढवायला गेलेल्या सुनेला ‘इष्टांक संपला’ असे उत्तर मिळते, तेव्हा त्या उत्तराच्या मुळाशी हाच शिळा आकडा असतो.

माणसांचे सोडा, ती जन्मतात, मरतात, गाव सोडतात. पण किनारपट्टी तर जागच्या जागी आहे! भारताची किनारपट्टी ७,५१६.६ किलोमीटर, हे आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पाठ केले. अलीकडच्या फेरमोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर निघाली. महाराष्ट्राची किनारपट्टी शाळेच्या पुस्तकात ७२० किलोमीटर होती, केंद्राच्या जुन्या यादीत ६५२.६, आणि नव्या मोजणीत ती ८७७.९७ झाली आहे. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेले तर समुद्र होता तिथेच आहे. बदलले ते नकाशाचे प्रमाण. लहान प्रमाणाच्या नकाशावर खाड्या, वळणे, बेटांचे काठ पुसले जातात आणि रेषा सरळ होते. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर ती सगळी वळणे मोजावी लागतात. म्हणजे ‘किती’ हे ‘कशाने मोजले’ यावर अवलंबून असते. सगळ्या सामान्य ज्ञानात याहून उपयोगी धडा क्वचितच सापडेल, आणि आपण मुलांना काय सांगतो? जुना आकडा खोडा, नवा लिहा.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग पाठ करायचेच कशाला? खिशात मोबाइल आहे, हवा तेव्हा हवा तो आकडा काढता येतो. हा युक्तिवाद दिसतो तितका पक्का नाही. माणूस शोधायला जातो ते शंका आल्यावर, आणि शंका येण्यासाठी डोक्यात आधी काहीतरी असावे लागते. एखाद्या सभेत वक्ता सांगतो की अमुक योजनेचा लाभ देशातल्या चाळीस कोटी कुटुंबांना झाला. ज्याला लोकसंख्या पाठ आहे आणि घरटी चार-पाच माणसे धरता येतात, तो तिथल्या तिथे चपापतो: अहो, देशात एवढी कुटुंबेच नाहीत! ज्याला पाठ नाही तो टाळ्या वाजवतो. पाठ असलेल्या आकड्यांचे खरे काम हे आहे.

कोल्हापूरकरांना हे बाहेरून शिकायची गरज नाही. १९०२ या एकाच वर्षी या गावाशी नाते असलेल्या दोन माणसांनी आकड्यांना कामाला लावले. एक गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापुरात झाले, पाठांतराबद्दल त्यांची ख्याती होती आणि पुढे त्यांनी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. खजिन्यातली शिल्लक हे भरभराटीचे लक्षण नसून गरिबावर लादलेल्या जादा कराचे आहे, हे त्यांनी मांडले आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी तो मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपया झाला. सरकार ‘शिल्लक किती’ सांगत होते; गोखल्यांनी ‘ती कोणाच्या खिशातून’ हे विचारले.

दुसरे राजर्षी शाहू. १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ पैकी ६० अधिकारी ब्राह्मण होते. कारकुनांच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर जेमतेम दहा. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. या आदेशाबद्दल आपण नेहमी बोलतो. त्यातले शेवटचे कलम मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करायचा होता. कोणते वर्ग मागास धरायचे, याची व्याख्याही आदेशातच दिलेली होती. कोण मोजायचे, कशापैकी मोजायचे, किती दिवसांनी मोजायचे आणि कोणी मोजायचे, हे सगळे एका पानात. सामान्य ज्ञानाच्या गाईडात यातले काय उरते? ‘५० टक्के, १९०२’.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया होत्या. देशाच्या ९४३ पेक्षा हे बरे, म्हणून छाती फुगते. पण शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली ८६३ च होत्या, देशाच्या ९१९ पेक्षा कितीतरी कमी. २००१ साली तर हा आकडा ८३९ होता. साखर, दूध, कुस्ती आणि समतेचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात हे चालले होते आणि पहिला आकडा दुसऱ्याला पाठीशी घालत होता.

या ८३९ ने प्रशासन हलले. जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण बसवायला लावले. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०११ च्या ऑगस्टमध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला. आता ८३९ चे ८६३ झाले, ते या उपकरणामुळे का? चटकन ‘हो’ म्हणावेसे वाटते. पण २०११ च्या आरंभी जी मुले शून्य ते सहा वयाची होती, त्यातली बहुतेक हे उपकरण येण्याआधीच जन्मली होती. उपकरण चांगले होते की नव्हते, हा प्रश्न वेगळा. हा आकडा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षालाही आकड्यासमोर उभे करायचे, ही सवय अठराव्या वर्षी लागली तर आयुष्यभर टिकते.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. लाखो मुले बसतात त्या परीक्षेत एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न सर्वांत न्याय्य असतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेशपरीक्षेने २०२० पासून सुटे प्रश्न काढून उताऱ्यावरचे प्रश्न आणले, पण ती परीक्षा इंग्रजीत होते. इंग्रजी वर्तमानपत्र घरात येणाऱ्या मुलाला तो बदल मानवला. चंदगड किंवा शाहूवाडीच्या मुलाला मात्र गाईडातला आकडा पाठ करून शहरी मुलाची बरोबरी करता येत होती, ती वाट अरुंद झाली. घोकंपट्टीची चेष्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये. ज्याच्याकडे दुसरे काही नसते त्याच्यासाठी पाठांतर हीच शिडी असते.

पण आकड्याला प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजी लागत नाही आणि लांबलचक उताराही लागत नाही. जनगणनेत ९४३ आणि आरोग्य पाहणीत १०२०, या फरकाचे सर्वांत सयुक्तिक कारण कोणते, हा प्रश्न मराठीत दोन ओळींत विचारता येतो, त्याला चार पर्याय देता येतात आणि संगणकाला तो तपासताही येतो. किनारपट्टी वाढली याचा अर्थ समुद्र आत आला, जमीन वाढली, की मोजमाप बारीक झाले, हाही तसाच. सीईटी कक्षाने आणि सीयूईटी घेणाऱ्या एनटीएने प्रश्नपत्रिकेत असे पाच-सात प्रश्न घातले की क्लासवाले पुढच्या हंगामात तेच शिकवू लागतील. क्लास परीक्षेच्या मागे जातात, पुढे नाही. तोवर शिक्षकांना आजपासून करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. वहीत दोनऐवजी पाच रकाने आखायला लावायचे: बाब, आकडा, कशापैकी, केव्हाचा, कोणी मोजला. आणि देशाच्या प्रत्येक आकड्याखाली जिल्ह्याचा आकडा.

याला आता मुदत आहे. २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच देशभर सगळ्या जातींची नोंद होणार आहे. तिचे आकडे येतील तेव्हा आजची सगळी गाईडे रद्दीत जातील आणि आज सीईटी देणारी मुले मतदार असतील. कोणाचे किती, कशापैकी, कोणत्या व्याख्येने, यावरून वाद पेटतील. प्रत्येक पुढारी आपल्या सोयीचा आकडा आणि आपल्या सोयीचा पाया घेऊन येईल. ज्यांनी नुसती उत्तरे पाठ केली आहेत, त्यांच्या हातात त्या दिवशी काहीच नसेल. ज्यांना आकड्याला जाब विचारायची सवय लागली आहे, त्यांना फसवणे अवघड जाईल. प्रवेशपरीक्षेने महाविद्यालयाचे दार उघडावे हे ठीकच. पण या वयाच्या मुलांकडून देशाचे आकडे पाठ करून घ्यायचे, तर त्यांनी पुढे देशाला हिशेब मागावा, हाच त्यामागचा हेतू असला पाहिजे.