सुईण की डॉक्टर?



दोन रविवारांपूर्वी सकाळची मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात एका भगिनीने मला बाजूला घेतले. मी पस्तीस वर्षे नर्सची नोकरी केली, त्यामुळे दुखण्याखुपण्याचे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांची मुलगी लग्नानंतर इंग्लंडला गेली. तिला सातवा महिना लागला आहे.

"ताई, सात महिने झाले, पण पोरीला अजून एकदाही डॉक्टरने पाहिले नाही. सगळे ती मिडवाइफच बघते म्हणे. मिडवाइफ म्हणजे आपली सुईणच ना? इथे नागपुरात गल्लोगल्ली डॉक्टर आहेत. तिला बाळंतपणाला इकडेच बोलावून घेऊ का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. कारणही तसेच होते. त्यांची स्वतःची आई गावी दाईच्या हातून बाळंत होताना रक्त जाऊन वारली होती. त्या वेळी त्या चार वर्षांच्या होत्या. ज्या हातांनी आई नेली तेच हात आता मुलीच्या अंगाला लागणार, असे त्यांना वाटत होते.

मी त्यांना तिथल्या तिथे दोन शब्द सांगितले. पण घरी आल्यावर वाटले, हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. आपल्या प्रत्येक घरात तो कधी ना कधी येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू या. आपल्या गावची सुईण आपल्या आईकडून किंवा सासूकडून हे काम शिकली. तिच्याजवळ अनुभव होता, पण शिक्षण नव्हते. गाठीला औषध नव्हते, रक्त नव्हते आणि अडले तर पाठीशी कोणी नव्हते. इंग्लंडमधील मिडवाइफ वेगळी. तेथे १९०२ साली कायदा करून या कामाला शिक्षण आणि नोंदणी लागू केली गेली. आज ती तीन वर्षे शिकते, रक्तदाब आणि बाळाचे ठोके पाहते, रक्तस्राव थांबवण्याचे इंजेक्शन देते आणि तिच्यामागे रुग्णालय असते. आपल्या सरकारनेही २०१८ साली अशा प्रशिक्षित मिडवाइफ तयार करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार नर्सिंग शिकलेल्या मुलींना पुढे अठरा महिन्यांचे खास शिक्षण दिले जाते. तेव्हा 'मिडवाइफ म्हणजे सुईण' हे अर्धेच खरे आहे.

पण शिक्षण झाले म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. हे मी माझ्याच उदाहरणाने सांगते.

१९८२ च्या पावसाळ्यात मी भंडारा जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर नवी नर्स होते. एका पहिलटकरणीच्या कळा संध्याकाळी सुरू झाल्या. घरी गावची दाई आधीच बसलेली होती. साठीची म्हातारी, अक्षरओळख नाही. मध्यरात्री तिने पोटावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "नर्सबाई, हे माह्या हातातलं नाही आता. गाडी जुपाले सांगा." मला राग आला. प्रमाणपत्र माझ्याजवळ होते आणि ही मला शिकवणार! मी म्हटले, "घाबरू नका, सकाळपर्यंत होईल." तीन तासांनी मलाच कळून चुकले. बैलगाडी निघाली, वाटेत नाल्याला पूर होता. तालुक्याला पोहोचेपर्यंत उजाडले. आई वाचली. बाळ वाचले नाही.

त्या दाईने ही गोष्ट गावात कोणालाही सांगितली नाही. बाराव्या दिवसापर्यंत ती रोज येऊन बाळंतिणीला तेल लावत होती. मी पापनिवेदन केले, क्षमाही मिळाली. पण "गाडी जुपाले सांगा" हे शब्द अजून कानात आहेत.

पुढे सरकारी नोकरी सोडून मी शहरातील एका खासगी रुग्णालयात लागले. तिथे दुसरा अनुभव आला. एका मुलीच्या कळा छान चालल्या होत्या, बाळाचे ठोके उत्तम होते, फक्त वेळ लागत होता. डॉक्टरांना संध्याकाळी बाहेर जायचे होते. नातेवाइकांना सांगितले गेले की बाळ दमले आहे, सिझर करावे लागेल. बाळाचे नाव काढल्यावर कोण नाही म्हणेल? सिझर झाले, बाळ गुटगुटीत, पेढे वाटले गेले. काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. ती मुलगी मला नंतर बाजारात भेटली. म्हणाली, "सिस्टर, माझ्याच्याने काही झाले नाही." तिच्याने सगळे होत होते. हे मला ठाऊक होते आणि त्या दिवशी मी गप्प राहिले होते.

एकदा मी ऐकले नाही आणि एकदा मी बोलले नाही. या दोन चुकांच्या मध्ये मला आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. आपल्याच नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. डॉ. राणीताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील ७७२ बाळंतिणींची नोंद ठेवली. त्यांतील बहुतेक घरीच बाळंत झाल्या होत्या. २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की शंभरातील सुमारे पंधरा जणींना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज होती. या आकड्यावर जरा थांबून विचार करू या. बहुतेक बायांना शस्त्राची गरज नसते. त्यांना हवा असतो धीर, स्वच्छता, लक्ष ठेवणारे डोळे आणि वाट पाहणारे माणूस. पण त्या पंधरा जणी कोण, हे सगळ्यांच्या बाबतीत आधी सांगता येत नाही. सगळे सुरळीत झाल्यावर वार अडकते, रक्त थांबत नाही आणि धडधाकट बाई दोन तासांत हातची जाते. माझ्या मैत्रिणीची आई अशीच गेली.

म्हणून "पूर्वी सगळ्या घरीच बाळंत होत, काय झाले?" असे जे म्हणतात, त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की ज्यांचे झाले त्या सांगायला उरल्या नाहीत. २००५-०६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील शंभरातील ३९ बाळंतपणेही दवाखान्यात होत नव्हती. २०१९-२१ मध्ये हा आकडा ८९ च्या जवळ गेला. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. यात डॉक्टरांचा, नर्सचा, आशाताईंचा घाम आहे. तो नाकारणे कृतघ्नपणा होईल.

मग सगळ्यांनीच थेट मोठ्या डॉक्टरकडे जावे, हे बरे नव्हे का? तेही इतके सरळ नाही. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत शंभरातील १४ बाळंतपणे सिझरने झाली, तर खासगी दवाखान्यांत ४७. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. सिझर गरजेच्या वेळी जीवदान आहे. पण ते पोटावरचे ऑपरेशन आहे. पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांवर रुजण्याचा धोका त्यामुळे वाढतो, आणि कर्ज काढून बिल भरणारी घरे आपल्या वस्तीतही आहेत. यात सगळा दोष डॉक्टरांवर टाकणेही अन्यायाचे होईल. एक डॉक्टर बारा तास एका खाटेजवळ बसू शकत नाही. काही विपरीत घडले तर नातेवाईक दवाखाना फोडतात. आणि तारीख ठरवून, सोयीचा दिवस पाहून सिझर मागणारे आपणच असतो.

तर बंधुभगिनींनो, माझ्या मते 'सुईण की डॉक्टर' हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. थांबणे हे एक ज्ञान आहे आणि धावणे हे दुसरे. सुईणीचे मोठेपण थांबण्यात आहे, पण 'आता माझ्या हातातले नाही' हे तिला वेळेवर म्हणता आले पाहिजे. डॉक्टरचे मोठेपण धावण्यात आहे, पण 'अजून माझी गरज नाही' हे त्यालाही म्हणता आले पाहिजे. आपली मर्यादा ओळखणे यालाच आपण नम्रता म्हणतो. बाळंतिणीच्या खोलीत या नम्रतेवर दोन जीव अवलंबून असतात. त्या रात्री ती निरक्षर दाईला होती, मला नव्हती.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा धडा शिकावा लागला आहे. पूर्वी धर्मभगिनींना प्रसूतीचे वैद्यकीय काम करण्यास नियमाने मनाई होती. रावळपिंडीकडे पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांना दाखवत नसत आणि बाळंतपणात मरत. हे पाहून डॉ. अॅग्नेस मॅकलॅरन यांनी रोमकडे विनंत्या केल्या. डॉ. अॅना डेंगेल यांनी तेथे स्वतः काम केले आणि १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी धर्मभगिनींचा संघ स्थापला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने परवानगी दिली. नियम चांगल्या हेतूने केलेला होता. पण तो कोणाच्या जिवावर पाळला जातो, हे पाहणेही धर्मच होता.

शास्त्रात निर्गम या पुस्तकात मिसर देशातील दोन सुइणींची कथा आहे. राजाने मुलगे मारण्याची आज्ञा केली, त्यांनी ती मोडली. त्या राजाचे नाव तेथे लिहिलेले नाही, पण सुइणींची नावे आहेत, शिप्रा आणि पुवा. दोघींना आपले काम कोणासाठी आहे हे नक्की ठाऊक होते. ते राजासाठी नव्हते, बाळंतिणीसाठी आणि बाळासाठी होते.

आपणही हेच विचारावे. आपल्या सुनेचे, लेकीचे बाळंतपण कुठे करायचे हे ठरवताना आपण कोणाचा विचार करतो? मोठ्या दवाखान्याचे नाव सांगण्यात आपली शान आहे म्हणून? चार पैसे वाचतात म्हणून? सासूबाईंचा शब्द राहावा म्हणून? आणि जिचे अंग आहे तिला कोणी विचारले का? नवरोबांनी हा प्रश्न आपल्या बायकोला एकांतात एकदा तरी विचारावा.

एक गोष्ट विसरू नये. निवड करायला मिळणे हेच मोठे भाग्य आहे. पावसाळ्यात नदीपलीकडे अडकलेल्या बाईपुढे सुईण आणि डॉक्टर असे दोन पर्याय नसतात. तिच्यासाठी गावात शिकलेले माणूस असणे आणि वेळेवर गाडी मिळणे, हाच सगळा प्रश्न आहे.

त्या भगिनीला मी म्हटले, "मुलीला बोलावून घेण्याआधी तिला दोन प्रश्न विचारा. अडले तर तुझी मिडवाइफ तुला किती वेळात डॉक्टरकडे पोहोचवते? आणि तू काही म्हणालीस तर ती ऐकते का?" गेल्या रविवारी त्या उत्तर घेऊन आल्या. बाळंतपणाची खोली रुग्णालयातच आहे, डॉक्टर एका मजल्यावर. आणि मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या आईची गोष्ट मी तिला पहिल्याच भेटीत सांगितली. तिने ती लिहून घेतली आहे." त्यांची भीती गेली आहे असे त्या म्हणत नाहीत. त्यांनी व्हिसासाठी अर्ज केला आहे. पवित्र मरिया एलिझाबेथकडे गेली ती सुईण म्हणून नव्हे आणि वैद्य म्हणूनही नव्हे. तरी ती सुमारे तीन महिने राहिली. सोबत करणे हेही एक काम आहे आणि ते आपल्याला कोणालाही करता येते.

शेवटी एक विनंती. आपल्या प्रत्येक विभागात सध्या कोणाला दिवस गेले आहेत, हे शेजाऱ्यांना ठाऊक असतेच. रात्री-अपरात्री निघू शकणारी एक गाडी आणि रक्त देऊ शकणारे चार तरुण, यांची यादी प्रत्येक विभागाने करून ठेवावी. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी मिस्सेनंतर मला भेटावे.

— धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका