आधी वाचलंय का?

एखादं पुस्तक, पॉडकास्ट, मालिका किंवा लेख दुसऱ्याला सुचवणं ही तशी साधी, आपुलकीची गोष्ट. पण सुचवणारा त्यात दोन गोष्टी पणाला लावतो आणि त्यांतली एकच त्याची स्वतःची असते. पत त्याची, वेळ मात्र ऐकणाऱ्याचा. चारशे पानांची कादंबरी म्हणजे नोकरी-घर सांभाळणाऱ्या बाईचे महिनाभरातले रात्रीचे तास आणि आठ भागांची मालिका म्हणजे कुणाचा तरी अख्खा रविवार. जाहिरातीत सांगितलेलं आपण सोडून देतो, मात्र मावशी, शाळेतले सर किंवा जुना मित्र सांगतो म्हणून ते तास काढून ठेवतो. त्यामुळे माझ्या मते सुचवणं ही एक साक्षच असते. साक्ष देणाऱ्याने ‘मला आवडलं’ म्हणण्याआधी आपण त्यातलं स्वतः किती पाहिलंय ते सांगायला हवं.

व्यवहारात नेमकं हेच राहून जातं. कोलंबिया विद्यापीठ आणि एका फ्रेंच संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरच्या बातम्यांच्या लिंका तपासल्या. पुढे पाठवल्या गेलेल्यांपैकी ५९ टक्के लिंका तिथून कुणीही उघडल्याच नव्हत्या. काहींनी लेख मुळात दुसरीकडे वाचून मग लिंक टाकली असेल, हे मान्य. तरीही २०२० मध्ये ट्विटर कंपनीने ‘आधी वाचायचं का?’ अशी सूचना दाखवून पाहिली, तेव्हा लेख उघडण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांनी वाढल्याचं तिनेच सांगितलं. म्हणजे वाचण्याची तयारी होती, फक्त कुणी विचारत नव्हतं. आपल्याकडच्या ग्रुपांवर तर यासाठी एक तयार वाक्यच आहे: ‘आलं तसं पुढे पाठवतोय.’ पाठवणारा आपलं नाव वापरतो आणि त्याच दमात हातही झटकतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. ती अफवा मोबाइलवरून अशीच आली तशी पुढे गेली होती. कादंबरी सुचवणं आणि हे एका मापाने मोजता येणार नाही, मला तसं मोजायचंही नाही. पण ‘मी फक्त पुढे पाठवलं’ ही पळवाट दोन्हीकडे तीच असते.

साक्ष कशी द्यावी याचा मराठीतला उत्तम नमुना १९७२ सालचा आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. तेंडुलकर तोवर नाटककार म्हणून गाजलेले होते. पांढरपेशा वाचकाला हा नवा कवी पटवून द्यायचा, तर चार भारदस्त विशेषणांत काम भागलं असतं आणि वाचकाने ती निमूट मान्यही केली असती. त्यांनी तसं केलं नाही. कवितेतले कितीतरी शब्द आणि ओळी आपल्याला कळत नाहीत, हे त्यांनी उघड सांगितलं, कवीलाच अर्थ विचारले आणि ज्या वस्तीतून ही कविता आली तिथे त्याच्याबरोबर जाऊनही आले. मुंबईतला तो भाग केवळ नावाने ऐकून असलेल्या वाचकाला या प्रस्तावनेने मोठी गोष्ट दिली. माझं ज्ञान इथपर्यंतच आहे, पुढचं तुम्ही वाचून ठरवा, अशी मोकळीक त्यात होती. ज्याने आपलं न कळणंही कबूल केलं, त्याच्या कौतुकाला वजन येतं. आपल्या प्रकाशन समारंभांतही पाहुणे ‘पुस्तक चाळलं, पूर्ण वाचायला वेळ झाला नाही’ असं सांगून पुढे पाऊण तास बोलतात. लोक त्यांना हसतात. खरं तर त्यांचं पहिलं वाक्य प्रामाणिकच असतं, घोळ होतो तो पाऊण तासाचा.

यावर कुणी म्हणेल की मित्रांच्या गप्पांत एवढा हिशेब कशाला? आवडलं की सांगावं, उत्साहाला कसले कायदेकानू? हा आक्षेप अर्धा खरा आहे. उत्साह हवाच. पण ‘दोन भाग पाहिलेत, पुढचं माहीत नाही, तरी बघ’ एवढं म्हटल्याने तो कमी होत नाही. न वाचलेला लेखही खुशाल पाठवावा, फक्त ‘अजून वाचला नाही, विषय तुझा आहे’ असं जोडावं. उलट ‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’ या वाक्यात समोरचा माणूसच दिसत नाही. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे त्यांतले तीन. गावच्या वाचनालयातला चांगला ग्रंथपाल काउंटरवर आधी ‘मागचं कसं वाटलं?’ असं विचारतो आणि मगच कपाटाकडे वळतो. नुकताच वडिलांचा मृत्यू झालेल्या मुलीच्या हातात कुठली कादंबरी द्यायची आणि कुठली सहा महिन्यांनी, हे त्याला त्या प्रश्नातून कळतं.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: माणसांची भीड आणि बढाई नकोच, आकडे पाहून यंत्र सुचवेल ते बरं. पण आकडेही आपापल्या परीने शिफारसच करतात आणि त्यांना कुणाचीच भीड नसते. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा हजारांहून अधिक लोकांपुढे अनोळखी ४८ गाणी ठेवली होती. इतरांनी कोणतं गाणं किती उतरवून घेतलं हे ज्या गटांना दिसत होतं, त्यांत लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली. गंमत म्हणजे गटागणिक वेगवेगळी गाणी वर गेली. फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत आणि फार चांगली सहसा बुडाली नाहीत, मधल्यांचं नशीब मात्र पहिल्या काही जणांच्या हाती राहिलं. तेव्हा ‘सगळे बघताहेत’ ही साक्ष म्हणून लंगडीच.

पैसे घेऊन सुचवणाऱ्यांची जबाबदारी कायद्याने ठरवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचं समर्थन करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि दाव्याची आधी नीट शहानिशा केली असेल तर तो सुटू शकतो. फुकट सुचवणाऱ्याला असा कायदा नको, पण शहानिशेची अट त्याने आपणहून घ्यायला काय हरकत आहे? आपलं नातंही लपवू नये: कवितासंग्रह आपल्या वहिनींचा असेल तर तसं सांगून सुचवावा, म्हणजे ऐकणारा त्या हिशेबाने ऐकेल. राहता राहिली चुकीची निघालेली बातमी. बहुतेक जण ती गुपचूप ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करतात. पण ग्रुपवरच्या चाळीस जणांनी ती तोवर वाचलेली असते, काहींनी पुढेही धाडलेली असते आणि ती खोटी होती हे त्यांना कुणीच कळवत नाही. त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे, ‘सकाळची बातमी चुकीची होती, मी तपासली नव्हती’ असं लिहायला एक मिनिट लागतं.