इटलीत किती शहरे?



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब आम्हाला भेटावयास आले होते. आईवडिलांच्या विवाहाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आजी व दोन मुलांसह इटलीला जायचे त्यांनी ठरवले आहे. पैसे कितीतरी वर्षे साठवलेले, मुक्काम आठ रात्रींचा. वडिलांनी खिशातून कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्यावर सहा नावे होती : रोम, असिसी, फ्लॉरेन्स, पिसा, पदुआ व व्हेनिस.

"फादर, एवढा खर्च करून जायचे, तर सगळे बघूनच यायचे ना? पुन्हा कधी जाणार?"

मुलाला असिसीला संत कार्लो अक्युटिस ह्यांच्या कबरीजवळ जायचे होते. मुलीला व्हेनिस हवे होते. आजी गप्प होत्या. निघताना मात्र त्या हळूच म्हणाल्या, "मला सांत अंतोनीच्या कबरीला एकदा हात लावायचाय, फादर. बाकी पोरं म्हणतील तसं." आजींचे गुडघे दुखतात. मिस्सेलाही त्या हल्ली बसूनच असतात.

हा प्रश्न प्रवासाचा, त्यात धर्मगुरूने काय सांगावे, असे आपल्याला वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले. पण विचार करता लक्षात आले की, 'किती' ह्या प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

आधी साधा हिशेब करू या. आठ रात्री म्हणजे मधले सात पूर्ण दिवस. रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडी सुमारे दीड तासात पोहोचते, हे खरे. पण सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, नव्या गावी नवी खोली शोधणे, हे सर्व धरले तर प्रत्येक स्थलांतर अर्धा दिवस खाते. सहा शहरांसाठी पाच स्थलांतरे, म्हणजे अडीच दिवस. उरले साडेचार दिवस व सहा शहरे. त्यात संत पेत्राच्या महामंदिरात शिरण्यापूर्वी तपासणीची लांब रांग असते.

आम्हीही काही वर्षांपूर्वी एका यात्रागटाबरोबर गेलो होतो. दहा दिवसांत अकरा गावे 'केली'. आपण मराठीत असेच म्हणतो ना, पिसा केले, मिलान केले? काम उरकावे तशी गावे उरकली. आज त्या प्रवासातले सर्वांत स्पष्ट काय आठवते, तर बसमध्ये रोज सकाळी होणारी आमची मोजणी. आम्ही शहरे मोजत होतो व आम्हाला कोणीतरी मोजत होते.

मग अधिक पाहण्याची इच्छा हे पाप आहे काय? मुळीच नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' ह्या ग्रंथात जाणून घेण्याच्या इच्छेचा विचार संयम ह्या सद्‌गुणाखाली केला आहे. ज्ञानाची ओढ चांगली आहे, पण भुकेप्रमाणे तिलाही वळण लागते, असे त्यांचे म्हणणे. ओढ भलत्या हेतूने किंवा भलत्या मार्गाने धावू लागली की तिचा दोष होतो. पण ते एवढ्यावरच थांबत नाहीत. शिकण्याचे कष्ट टाळणाऱ्या आळसावर मात करणे, हेही ते त्याच सद्‌गुणाचे काम मानतात. तेव्हा 'कमी शहरे म्हणजे अधिक पवित्र' असा सोपा नियम त्यातून निघत नाही. हॉटेलात लोळत पडणे ही काही तपश्चर्या नव्हे!

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेतही दोन्ही बाजू दिसतात. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी रोममधील सात ख्रिस्तमंदिरांची पदयात्रा काढीत. ती वाट सुमारे वीस किलोमीटरची. एका फेरीत सात मंदिरे, म्हणजे आपल्या कागदाचाच प्रकार झाला! पण ते पायी जात, एकत्र प्रार्थना करीत, वाटेत बसून खात. दोन मंदिरांमधली वाट हीदेखील यात्राच होती. उलट बाजूला इ. स. १३०० ची गोष्ट पाहा. त्या पहिल्या पवित्र वर्षी पोप आठवे बोनिफास ह्यांनी विशेष दंडमुक्तीसाठी घातलेली अट अशी होती : रोमवासीयांनी संत पेत्र व संत पौल ह्यांच्या महामंदिरांना तीस दिवस भेट द्यावी, बाहेरून आलेल्यांनी पंधरा दिवस. महिनोन्‌महिने चालत आलेल्या यात्रेकरूला नवनवे काही दाखवण्याऐवजी तीच दोन मंदिरे पंधरा दिवस! पहिल्या दिवशी तो इमारत पाहत असेल. दहाव्या दिवशी तो स्वतःकडे पाहू लागला असेल.

प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना पाठवताना दिलेली एक सूचना आपण सहसा लक्षात घेत नाही. एकाच घरात राहा, ह्या घरातून त्या घरात फिरू नका, असे तो त्यांना सांगतो (लूक, अध्याय १०). पाहुणा राहिला तरच यजमानाचा परिचय होतो. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. आज ते पन्नास हजारांहून कमी आहेत. मुक्काम न करता दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून तेथे २०२४ पासून काही ठराविक दिवशी शुल्क घेतले जाते. आपण ज्याला 'स्थळ' म्हणतो, ते कोणाचे तरी गाव असते.

तत्त्वज्ञ सिमोन वेल ह्या यहुदी कुटुंबात जन्मलेल्या व कोणत्याही चर्चच्या सभासद नसलेल्या. १९३७ साली त्या इटलीत फिरत होत्या. त्यांनीही अनेक शहरे पाहिली. पण असिसीला, संत फ्रान्सिसने जेथे प्रार्थना केली त्या लहानशा मंदिरात, त्यांनी आयुष्यात प्रथमच गुडघे टेकले. असा क्षण आधी ठरवून येत नाही. तो आला तर थांबता यावे, एवढी फट मात्र आपल्या वेळापत्रकात हवी.

म्हणून आम्ही त्या कुटुंबाला एवढेच सुचवले : शहरांची संख्या आजींच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. सर्वांत हळू चालणारा माणूस ज्या प्रवासात सुखी असतो, तोच कुटुंबाचा प्रवास. रोमला चार रात्री, असिसीला दोन, पदुआला दोन, आणि परतीचे विमान व्हेनिसहून. पदुआहून व्हेनिस गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. मुलीला घेऊन वडिलांनी एक दिवस तेथे जावे व शुल्क पडले तर कुरकुर न करता द्यावे. तेथील पुलांच्या पायऱ्या आजींसाठी नाहीत. त्यांनी तो दिवस संत अंतोनीजवळ बसावे. फ्लॉरेन्स व पिसा राहतील. राहू द्यावेत.

मुलीच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी होती, व ती आम्हाला समजते. फ्लॉरेन्स सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. कदाचित ते कधीच पाहायला मिळणार नाही. पण सर्व काही पाहणे हे परमेश्वराचे आहे. आपल्या वाट्याला थोडेच येते, आणि ते थोडे मन लावून पाहणे हीच कृतज्ञता.

आपल्यापैकी पुष्कळजण इटलीला कधी जाणार नाहीत. पण मे महिन्यात एकाच संध्याकाळी तीन लग्नांना हजेरी लावताना, पाकीट देऊन, फोटो काढून, वधूवरांशी धड दोन शब्द न बोलता पुढच्या मांडवाकडे पळताना, आपल्याही खिशात तोच कागद असतो. त्यावरील एखादे नाव आनंदाने खोडण्याची व उरलेल्या ठिकाणी खरोखर हजर राहण्याची कृपा प्रभूने आपणा सर्वांना द्यावी.