तारण आणि जामीन



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "फादर, येशूने आपले तारण केले असे आपण म्हणतो. मग पतपेढीच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' का लिहितात?" मुले हसली. प्रश्न मात्र रास्त होता. एकाच शब्दाने आपण मुक्तीही सांगतो आणि कर्जापोटी ठेवलेली वस्तूही.

अशीच गाठ स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत आहे. इंग्रजीतला 'बॉरो' म्हणजे उसने घेणे, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. जुन्या स्कॉट्स भाषेत मात्र 'बॉरो' करणे म्हणजे सोडवणे, वाचवणे. तिथल्या टॅम लिनच्या लोकगीतात पऱ्यांच्या राणीने नेलेल्या तरुणाला एक मुलगी सोडवते. तो तिच्या मिठीत साप होतो, जळता निखारा होतो, तरी ती त्याला धरून ठेवते. या सोडवण्याला गीताच्या एका पाठात हाच शब्द आला आहे.

शब्दाचे मूळ 'बोर्ग', म्हणजे जामीन. जर्मन भाषेत आजही जामीनदाराला 'ब्युर्ग' म्हणतात. आधी जामीन राहणे, मग जामीन राहून सोडवणे, मग नुसतेच सोडवणे, असा हा अर्थ सरकत गेला. इंग्रजीत उसनवारी तेवढी उरली.

प्रवासाला निघालेल्या माणसाला 'संत योहान तुझा जामीन असो' अशा अर्थाचा निरोप देण्याची तिथे रीत होती, आणि त्यातही हाच शब्द असे. १४०६ साली राजपुत्र जेम्स जहाजात बसला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्यालाही हाच निरोप मिळाला, असे त्याचे मानले जाणारे 'द किंगिस क्वेअर' हे काव्य सांगते. जहाज वाटेतच पकडले गेले. मुलगा इंग्लंडच्या राजाचा कैदी झाला आणि अठरा वर्षे तिथेच राहिला. १४२४ साली तो सुटला, तो ४०,००० पौंडांच्या बोलीवर. रक्कम हाती नव्हती, म्हणून स्कॉटलंडचे सरदार आणि सरदारपुत्र ओलीस म्हणून इंग्लंडला गेले.

पुढे १४२७ साली त्यांच्यात मॅलिस ग्रॅहम या तरुण सरदाराची भर पडली. राजाने आधी त्याची स्ट्रॅथर्नची जहागीर काढून घेतली, मेंटीथची दिली, आणि मग त्याला ओलीस धाडले. खंडणी पुरी फिटलीच नाही. १४३७ साली पर्थ येथे राजाचा खून झाला, आणि मारेकऱ्यांचा पुढारी मॅलिसचाच चुलता होता. मॅलिस सुटला १४५३ साली. ज्याच्यासाठी तो अडकला होता, त्या राजाला मरून सोळा वर्षे झाली होती.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक तसेच धरून बसलो. सुटका झाली असे आपण सहज म्हणतो. मागे कोण राहिले, हे विचारत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा आपल्या बापाला सांगतो की बन्यामीनला मी जामीन आहे. मिसरात वेळ येते तेव्हा तो पुढे होतो: पोराला घरी जाऊ द्या, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा. मॅलिसला दुसऱ्याने धाडले होते, यहूदा आपल्या पायांनी पुढे आला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात येशूलाही अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. गंमत अशी की नीतिसूत्रांचे पुस्तक कोणाला जामीन राहू नका म्हणून बजावते. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. देवाच्या पुत्राने तो व्यवहार पाहिला नाही.

माझ्या वडिलांनी एका चुलतभावाच्या कर्जाला सही दिली होती. तो भाऊ गाव सोडून गेला, आणि चार वर्षे आमच्या घरच्या पगारातून हप्ता कापला गेला. आई चिडून बोलायची. वडील एवढेच म्हणत, "सही माझी आहे ना?" त्या काकाबद्दल वाईट शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मला मात्र त्याचा राग होता, आणि खरे सांगायचे तर थोडा वडिलांचाही.

त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेले नाही. येत्या रविवारी वर्गात वडिलांच्या सहीपासून सुरुवात करीन म्हणतो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू