वीस मिनिटांचे दर्शन

आमच्या चिंचवडच्या भजनी मंडळातले आम्ही चौदा जण पौषात रत्नागिरीला गेलो होतो. बहुतेकांचे आयुष्य भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गेलेले. दुसऱ्या दिवशी 'रत्नागिरी दर्शन' नावाच्या गाडीत बसलो. सकाळी निघायचे आणि दिवे लागायच्या आत परत. किल्ला, दीपस्तंभ, थिबा राजवाडा, गणपतीपुळे, पावस. माहिती सांगायला एक चुणचुणीत तरुण होता. प्रत्येक ठिकाणी तो सांगे, "वीस मिनिटं हं, माउली!"

पाटीवरचा 'दर्शन' हा शब्द मला खटकला होता. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी सर्वांत जास्त घाई मलाच होती.

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. ज्ञानेश्वरी अभंगात आणणारे हे स्वामी. समाधीचे दर्शन झाल्यावर ते राहत ती खोली पाहायला गेलो. आमचे वीणेकरी बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते खोलीसमोर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. वीस मिनिटे झाली. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी बाबांचा दंड धरून त्यांना उठवले. ते काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाले, "कर्णा वाजला की निघायचंच असतं. ओढायला नको होतंस."

ते वाक्य मनातून जाईना. वेळ कमी होता हे कारण मी स्वतःलाही देऊ शकलो नाही. वेळापत्रक तर पालखीलाही असते. विसाव्याला घटकाभर टेकतो न टेकतो तोच निघावे लागते. आषाढीला ज्यांना बारीत उभे राहणे जमत नाही, ते कळसाला हात जोडून माघारी फिरतात. त्यांचे दर्शन अर्धे झाले असे आपल्यात कोणी म्हणत नाही.

बरे, खूप वेळ मिळाला म्हणजे तरी काय? त्याच दिवशी थिबा राजवाडा पाहिला होता. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. 1916 साली तो तिथेच वारला. आम्ही पळत पळत पाहिलेला समुद्र त्याच्यासमोर तीस वर्षे होता, आणि मायदेशी जायची वाट बंद. तिथून काही कोसांवर स्वामी. तेही चाळीसएक वर्षे एका घरात राहिले, पण त्यांना कोणी कोंडले नव्हते. 1974 साली समाधिस्थ होईपर्यंत त्यांना भेटायला माणसेच त्या खोलीशी येत राहिली. एकाच गाडीने दोन्ही दाखवले, हे त्या तरुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

मग माझाच हिशेब आठवला. अठ्ठावीस वर्षे मी कंपनीच्या बसने मोशीचा पूल ओलांडून चाकणला गेलो. खाली इंद्रायणी. पहिल्या पाळीला जाताना झोप, रात्रपाळीहून येताना झोप. मधल्या पाळीला पत्ते.

परवा बाबांना घेऊन आळंदीला गेलो. माउलींचे दर्शन झाल्यावर घाटावर बसलो. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "किती वर्षं झाली रे, हे असं?"

मला सांगता येईना.