एक चमचा गौडी

गेल्या नाताळच्या सुट्टींत माझी धाकटी कन्या पुण्याहून अंबाजोगाईस आली, ती येतांना विजेची लहानशी भट्टी बरोबर घेऊनच. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिनें कपाएवढाले बारा केक केले. लोणी आणि तपकिरी साखर मंद आंचेवर शिजवून, त्यांत साय घालून केलेला बटरस्कॉचचा पाक त्यांत होता. आणि त्या पाकाला स्वाद यावा म्हणून तिनें एक मोठा चमचा रमही कालविली होती. घरभर सुटलेल्या त्या वासानें माझ्या वडील भगिनी (त्यांना आम्ही सर्व आक्का म्हणतों) देवघरांतून उठून स्वयंपाकघराच्या दाराशीं आल्या. एक केक हातांत घेऊन त्यांनीं विचारलें, "यांत काय घातलेंस ग?" कन्येनें खोटें सांगितलें नाहीं. आक्कांनीं केक ताटांत परत ठेवला, हात धुतले, आणि कांहीं न बोलतां त्या निघून गेल्या.

प्रसंग एवढाच. परंतु अध्यापकाला वादाची खोड असते. संध्याकाळीं मीं आक्कांपुढें हिशेब मांडला. पंधरा मिलिलिटर रमेंत मद्यार्क सुमारें साडेसहा मिलिलिटर. भट्टींत तो सगळा उडून जातो अशी समजूत आहे, ती खरी नाहीं. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकाप्रमाणें, मिश्रणांत कालवून पंधरा मिनिटें भाजल्यास सुमारें ४० टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. तासभर भाजल्यावरही २५ टक्के राहतो. म्हणजे बारा केकांत मिळून अडीच मिलिलिटर, आणि एका केकांत चार-पांच थेंब. उलट आक्का रोज जेवणानंतर जें अरिष्ट घेतात, त्यांत आंबविण्याच्या क्रियेनें आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क साधारणतः पांच ते दहा टक्के असतो. त्यांच्या एका मात्रेंत या केकाच्या निदान पांचपट मद्य आहे!

मीं शास्त्राचाही आधार दिला. मनुस्मृतींत गौडी, पैष्टी आणि माध्वी असे सुरेचे तीन प्रकार सांगून तिन्ही वर्ज्य ठरविले आहेत. गौडी म्हणजे गुळापासून केलेली. उसाच्या मळीपासून निघणारी रम ही तिचीच विलायती बहीण. पण त्याच ग्रंथांत मद्याचा वास घेणें हेंही दोषांत मोजलें आहे. त्या न्यायानें पाहतां त्या दुपारीं आमच्या घरांत निर्दोष असा कोणीच उरला नव्हता.

आक्कांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "अरे, अरिष्ट पिऊन रात्रीं कोणी बायकोला मारल्याचें मीं ऐकलें नाहीं. आणि मोजून पिणाराही मीं पाहिला आहे. त्याचें माप दर वर्षीं वाढत गेलें."

आक्कांच्या संसाराचा इतिहास घरांत सर्वांना ठाऊक आहे. तो येथें सांगण्याचें कारण नाहीं. माझा हिशेब मात्र तेथेंच संपला. एक थेंबही नको, हा नियम तर्काला हास्यास्पद वाटला तरी ज्यांनीं मापाचा भरंवसा धरून हात पोळून घेतले आहेत, त्यांच्यासाठीं तो कुंपणासारखा असतो. आक्कांचा आक्षेप द्रव्याला नव्हताच. त्या द्रव्यापायीं माणसाला काय सोसावें लागतें, हें त्यांनीं पाहिलें होतें.

परंतु दुःख हीच दोषाची खरी कसोटी असेल, तर ती त्या केकाच्या एकाच घटकाला लावून थांबतां येणार नाहीं. रम चमचाभर होती. साखर दोन वाट्या होती. तिच्यासाठीं कोणाला काय सोसावें लागलें?

पुण्यामुंबईच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. आम्हां बीडकरांना तसें म्हणतां येत नाहीं. दसरादिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतील वस्त्या आणि तांडे ओस पडूं लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं माणसें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊसतोडीला जातात. तेथें नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. पांच-सहा महिने कोपींत राहावयाचें, पहांटेच्या अंधारांत ऊस तोडावयाचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडींत चढवावयाची, आणि एक दिवस पडून राहिलें तर खाड्याचा दंड सोसावयाचा. २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीनें या जिल्ह्यांतील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. हे आंकडे वर्तमानपत्रांत आले तेव्हां मीही वाचले, हळहळलों, आणि पान उलटलें.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेलें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं बी. ए. च्या वर्गांतला एक विद्यार्थी दिवाळीनंतर दिसेनासा झाला. मार्चच्या अखेरीस तो परीक्षेच्या अर्जावर सही मागावयास आला. हजेरी भरत नव्हती. मीं नियम दाखविला. तो म्हणाला, "सर, आईच्या हाताला कोयता लागला होता. उचल अंगावर होती. तिच्या जागीं मी गेलों." मीं सही केली नाहीं. आपण नियमाशीं प्रामाणिक राहिलों, असें त्या वेळीं मला वाटलें. त्या दिवशींही घरीं येऊन मीं रोजच्यासारखा दोन चमचे साखरेचा चहा घेतला असेल. हात कांहीं धुतले नसतील.

'मला काय शिवलें?' हा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या विचारीत आलों आहों; 'माझ्यामुळें कोणाला काय सोसावें लागलें?' हा प्रश्न क्वचित् विचारला आहे. पहिल्याचें उत्तर स्नानानें किंवा हात धुऊन देतां येतें. दुसऱ्याचें तसें देतां येत नाहीं.

मग साखर सोडावी काय? इंग्लंडांत १७९१ सालीं विल्यम फॉक्स यानें पत्रक काढून वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमाची साखर आणि रम, दोन्ही वर्ज्य करावीं असें आवाहन केलें. सुमारें तीन लाख लोकांनीं साखर सोडली, असा क्लार्कसनचा अंदाज होता. केवळ त्यानें गुलामगिरी गेली नाहीं. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ सालीं आणि गुलामगिरी मोडणारा १८३३ सालीं झाला. पण चहाच्या पेल्यापाशीं बसून दूरच्या माणसाचा विचार करण्याची संवय त्या घरांना लागली, हें लहान काम नव्हे. आमची स्थिति निराळी आहे. आम्हीं साखर सोडली तर कोयत्याची मजुरी तेवढी बुडेल, आणि आम्हांला मात्र शुद्ध झाल्याचें समाधान मिळेल. तें समाधान पुन्हां पहिल्याच प्रश्नाचें उत्तर होय. द्यावयाचें आहे तें दुसरेंच: पुरी मजुरी, आजारी दिवसाला दंडाऐवजीं औषध, मागें राहिलेल्या मुलांना हंगामी वसतिगृह, आणि हें सर्व मागतांना त्यांच्या आवाजांत मिसळलेला आपला आवाज.

माझ्यापुरतें मीं एक ठरविलें आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं मी वर्गांत विचारतों कीं तोडीला कोण कोण जाणार. त्यांच्यासाठीं टिपणें काढून ठेवतों, आणि मार्चमध्यें अर्ज समोर आला कीं आधीं कारण विचारतों, मग हजेरी पाहतों. ज्याची सही मीं नाकारली तो विद्यार्थी पुन्हां महाविद्यालयांत आला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कन्येनें आक्कांसाठीं रम न घालतां वेगळे केक केले. आक्कांनीं ते आनंदानें खाल्ले. साखर दोन्हींत सारखीच होती.