पहिली रेघ

कोऱ्या कागदासमोर नवशिक्याचा हात अडतो. कागद इतका पांढरा, की पहिली रेघ म्हणजे डागच वाटतो. जव्हार-मोखाड्याच्या वारली पाड्यांवर ही अडचणच नसते. तिथे चित्राआधी भिंत तयार होते: कुडाला शेणमातीचं लिंपण, त्यावर गेरू. पांढरा रंग म्हणजे पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. दुकान गाठायचं नाही, त्यामुळे काम उद्यावर ढकलायला सबबही नाही!

लग्नघरी सवासिणी भिंतीवर चौक लिहितात. हो, ‘लिहितात’च, हा शब्द त्यांचाच. आधी चौकट, मग आत पालघट देवी. माणूस काढायचा तर टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, हातापायांच्या रेघा. एक जमला की तारपा नाचातली रांग आपोआप वाढत जाते.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले. सांगायचं ते धुळीत चित्र काढून सांगू लागले. ना भिंत, ना गेरू. फक्त बोट आणि धूळ. चौक बायकांच्या हातचा, तोही लग्नापुरता. म्हसे मात्र रोज चित्रं काढू लागले. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ती पाड्याबाहेर नेली आणि २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली.

आज घरात मूठभर तांदळाचं पीठ आणि एखादा जुना तपकिरी पुठ्ठा असेल, तर नवशिक्याचं सामान जमलं. काडी तेवढी चावायची राहिली.